नागोठण्याच्या आसपास : एका दिवसाच्या सहली

जगाच्या पाठीवर अशी काही गावे आहेत की, ज्यांच्या पुढ्यात सरोवर आणि पाठीशी ज्वालामुखी असतो. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील रोटोरुआ हे त्यांपैकी एक. तेथील सरोवर हेच मुळी एका प्राचीन ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठलेले पाणी होय. गावात जागोजाग वाफा निघतात, हवेत गंधकाचा वास असतो, आणि जवळचा तारावेरा पर्वत १८८६ साली फुटला तेव्हा राखेखाली गेलेल्या खेड्याचे अवशेष आजही प्रवाशांना दाखवितात. हल्ली आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची मुले-लेकी त्या बाजूस नोकरीनिमित्त असतात. आमच्या पुतण्याचे बिऱ्हाडही तिकडेच आहे. सुटीच्या दिवशी सकाळी निघावे, एखादे कुंड किंवा एखादे विवर पाहावे, आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा तेथील लोकांचा परिपाठ असल्याचे तो कळवितो. त्याच्या पत्रासोबतची छायाचित्रे पाहून घरातील लहान मंडळी आम्हांस म्हणाली, "आपल्या नागोठण्याला असे काहीच का नाही?"

प्रश्न मुलांचा असला तरी तो उडवून लावण्यासारखा नव्हता. कारण नागोठणे हे मुंबईहून गोव्याकडे जाताना मध्ये लागणारे एक स्थानक, चहाला थांबण्याचे एक ठिकाण, एवढीच त्याची ओळख बहुतेक प्रवाशांस असते; आणि दुःखाची गोष्ट ही की, तेथे राहणाऱ्यांसही पुष्कळदा तेवढीच असते. म्हणून आम्ही गेल्या मार्गशीर्षापासून माघापर्यंत सवडीच्या दिवशी चार सहली काढल्या. तरुणांसाठी गड, वडीलमाणसांसाठी देवदर्शन आणि मुलांसाठी दगड, अशी त्यांची वाटणी होती. त्यांचा वृत्तांत इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

प्रथम गावाविषयी थोडेसे. पेण आणि रोहे यांच्या मधोमध, अंबा नदीच्या काठी नागोठणे वसले आहे. ही नदी खोपोली-खंडाळ्याच्या बाजूस सह्याद्रीत उगम पावून, जांभुळपाडा व पालीचा मुलूख ओलांडून येथे येते आणि पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. येथे सरोवर नाही हे खरे. परंतु भरतीचे पाणी गावापर्यंत चढते, आणि भरती भरून पाणी स्थिर झाले म्हणजे डोंगरांचे प्रतिबिंब त्यात असे पडते की, नवख्याने त्यास तळेच म्हणावे. याच भरतीवर पूर्वी मुंबईहून गलबते व आगबोटी नागोठण्यापर्यंत येत. एकोणिसाव्या शतकात मुंबईची साहेबमंडळी महाबळेश्वरास जाताना येथवर पाण्याने येत आणि येथून पालखीने किंवा घोड्यावरून महाडचा रस्ता धरीत. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, आणि ती वहिवाट हळूहळू मोडली.

गावाजवळचा जुना दगडी पूल तर कोणत्याही सहलीवाचून, संध्याकाळच्या फिरण्यातच पाहता येतो. इसवी सन १५८० च्या सुमारास, निजामशाहीच्या अमदानीत, चौलच्या काजी अलाउद्दीनाने तो बांधविला असे सांगतात. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागेल, इतका तो अरुंद आहे. आता तो वयाची सव्वाचारशे वर्षे केव्हाच ओलांडून गेला. त्याच्या कमानींचा काळा दगड मुलांस हाताने चाचपावयास लावून आम्ही म्हटले, "तुमचा ज्वालामुखी हा!"

ज्वालामुखी म्हटला की मुलांच्या मनात शंकूच्या आकाराचा, माथ्यातून धूर ओकणारा पर्वत उभा राहतो. आपला सह्याद्री तशा जातीचा नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात भूमीस लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ शिलारस उसळून दूरवर पसरला. तो थिजला, काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. याप्रमाणे शेकडो थर बसले, आणि भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते त्यांपैकी बहुतेक दहा लाख वर्षांच्या आतच बसले. आज झीज होऊनही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या खडकाने झाकलेला आहे, आणि पश्चिमेकडे त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. इंग्रजीत या खडकास 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द मूळ स्वीडिश भाषेतील असून त्याचा अर्थ पायरी किंवा जिना असा आहे. सह्याद्रीच्या कोणत्याही कड्याकडे दुरून पाहिले असता हे नाव किती अन्वर्थक आहे ते कळते : उभा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. कडा म्हणजे थराचा कठीण गाभा आणि पट्टी म्हणजे दोन थरांमधील मऊ, झिजलेला भाग. या पट्टीची गोष्ट लेखाच्या शेवटी पुन्हा निघेल, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

पहिली सहल पालीची. नागोठण्याहून वाकणपर्यंत महामार्गाने जावे आणि तेथून डावीकडे वळावे. तासाभराच्या आत मंडळी बल्लाळेश्वराच्या दारी पोहोचतात. अष्टविनायकांमध्ये भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हाच. प्रथम मागील मंदिरातील धुंडीविनायकाचे दर्शन घ्यावयाचे आणि मग बल्लाळेश्वराचे, असा रिवाज आहे. मूळच्या लाकडी देवळाच्या जागी १७६० साली दगडी देऊळ झाले. आवारातील मोठी घंटा चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर अर्पण केलेली म्हणून दाखवितात. वसई पडली ती १७३९ साली. देवळाच्या पाठीशी सरसगड उभा आहे. त्याचा माथ्यावरील कातळ म्हणजे थिजलेल्या शिलारसाचा जणू उघडा काप होय, आणि त्यात खोदलेला उभा जिना चढताना गुडघे व छाती या दोहोंची परीक्षा होते. आमच्यातील तरुण मंडळी वर गेली; आम्ही आणि थोरल्या वहिनी खाली देवळाच्या ओवरीत बसून राहिलो. ज्याने त्याने आपल्या वयाप्रमाणे तीर्थ करावे.

दुपारी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात यांचा समाचार घेऊन आम्ही उन्हेऱ्यास गेलो. पालीपासून हे ठिकाण अगदी जवळ आहे. येथे उन्ह पाण्याची कुंडे बांधलेली असून स्त्रियांची व पुरुषांची सोय निराळी आहे. पाण्यास गंधकाचा किंचित वास येतो. सांधेदुखीवर गुण येतो अशी लोकांची श्रद्धा. ऊन पाण्याने शेक बसतो एवढे तर कोणीही मान्य करील. मात्र रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या विकारवाल्यांनी वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून त्यात फार वेळ बसू नये, आणि मुलांनी पाण्याची धग आधी हाताने पाहिल्यावाचून उतरू नये.

कुंडाच्या कडेवर पाय सोडून बसलेल्या धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, खाली अजून विस्तव आहे का?" हा प्रश्न मोठ्यांच्याही मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो विस्तव केव्हाच विझला. त्याची ऊब आज शिल्लक नाही. परंतु पृथ्वी पोटात उष्णच आहे. कोठेही खोल गेले असता दर किलोमीटरास उष्णतामान साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकातील खोल भेगांतून खाली उतरते, तेथे तापते, आणि दुसऱ्या एखाद्या सरळ भेगेने, वाटेत निवण्यास अवसर न मिळता, लगबगीने वर येते. तेच उन्हेऱ्याचे पाणी. विशेष हे की, अशी कुंडे कोकणात वाटेल तेथे नाहीत. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून आरंभ केला, तर उन्हेरे, महाडजवळचे सव, मग रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर अशी ती सह्याद्रीला समांतर एका माळेत बसतात. ही माळ म्हणजे भूमीच्या पोटातील भेगांची रांगच होय. याच पट्ट्यात पनवेलपासून दक्षिणेकडे शिलारसाचे थर आडवे न राहता समुद्राच्या बाजूस कललेले आढळतात. नकाशावर ही नावे पेन्सिलीने जोडण्यास मुलांना सांगावे. शाळेतील एका तासापेक्षा त्यात अधिक शिकणे होते.

दुसरी सहल रोह्याची. नागोठण्याहून भिसे खिंडीने रोह्यास जाता येते. खिंडीतील रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तेथे गाडी बाजूस, सुरक्षित जागी उभी करून मुलांना दगड दाखवावेत. काही दगड मधमाशांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र असतात. शिलारस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही घरे. पुढे कित्येक युगे पाण्याने त्यांत पांढरे स्फटिक भरले. एक असा दगड धाकटीच्या तळहातावर ठेवला, तेव्हा दूरदेशीची छायाचित्रे ती विसरली.

रोहे हे कुंडलिकेच्या काठचे टुमदार गाव. धावीर महाराज हे येथील ग्रामदैवत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण या गावी गेले. अर्थशास्त्राच्या व्यवहारात मुरलेल्या या गृहस्थांनी कालिदासाच्या मेघदूताचे मराठी भाषांतर केले, ही गोष्ट संस्कृत कशाला शिकावयाचे असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आजवर अनेकदा सांगितली आहे. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्मही १९२० साली येथलाच. रोह्याच्या उत्तरेस दाट झाडीत अवचितगड आहे. गडावर बारा कोनांचे एक तळे आहे, आणि बुरुजावरील शिलालेखात शके १७१८, नळनाम संवत्सर असा काळ कोरलेला आहे. घरी पंचांग असेल त्यांनी साठ संवत्सरांच्या चक्रावरून हा मेळ पडताळून पाहावा. तो बरोबर बसतो, आणि इसवी सन १७९६ येते.

याच सहलीत वेळ उरला तर कोलाडवरून भिऱ्याकडे जावे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीस धरण बांधून, ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडण्याची योजना १९२७ साली पुरी झाली. शिलारसाने रचलेली पायरी एवढी उंच नसती तर ही वीज निर्माण झाली नसती. पण मुलांना एवढेच सांगून थांबू नये. त्या धरणाखाली ज्यांची भातखाचरे आणि देव्हारे बुडाले, त्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, तोही सांगावा. वीजघरातून सुटलेले पाणी सकाळी कुंडलिकेत येते, आणि त्याच लोटावर हल्ली तरुण मंडळी कोलाडजवळ रबरी नावांतून खेळतात. एकाच पाण्याचे हे तीन इतिहास आहेत.

तिसरी सहल कुडे येथील लेण्यांची. ही वाट लांबची. सकाळी उजाडताच निघावे. मांदाडच्या खाडीवर, समुद्राच्या वाऱ्यात असलेल्या एका लहान डोंगरात सव्वीस बौद्ध लेणी खोदलेली आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असून, त्यांतील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. मांदवांच्या महाभोज घराण्यातील राजपुरुष तर आहेतच. पण एक वैद्य आहे, एक माळी आहे, करहाकडचा म्हणजे आपल्या कराडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. आणि वाचकभगिनींना विशेष वाटेल असे एक नाव आहे : भायिला. अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची ही ब्राह्मणी पत्नी. तिने तेथे एक चैत्यगृह दान केले. पती ज्या धर्माचा उपासक, त्या धर्मास तिने स्वतःच्या नावाने दान दिले, आणि ते नाव दगडात राहिले. आमच्या सूनबाईंनी तो मजकूर ऐकून विचारले, "आपल्या घराच्या वंशावळीत एका तरी बाईचे नाव आहे का?" वंशावळ आम्हीच लिहून काढलेली, तीत नाही. पुढील प्रतीत ती नावे घालण्याचे काम आता त्यांच्याकडेच दिले आहे.

चौथी सहल सुधागडाच्या मुलुखाची. सुधागड, म्हणजे पूर्वीचा भोरपगड, हा भोरच्या पंतसचिवांचा. गडावर भोराईदेवीचे देऊळ आणि सचिवांचा वाडा आहे. पायथ्याच्या पाच्छापूर गावी औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर येऊन राहिला होता, आणि १६८१ साली छत्रपती संभाजी महाराजांची व त्याची भेट याच परिसरात झाली. गडाचा माथा विस्तीर्ण व सपाट आहे, कारण तो एका प्रचंड थराचा पृष्ठभाग आहे. ज्यांना गड चढणे शक्य नाही, पण दोन तास रानवाट चालवते, त्यांनी नाडसूरजवळची ठाणाळे लेणी पाहावीत. ती तेवीस आहेत, आणि कुड्याहूनही जुनी मानितात. वाटाड्या बरोबर घ्यावा, पाणी भरपूर न्यावे, आणि भिंतींवर नावे कोरण्याची हौस घरीच ठेवून जावे.

या सहलीहून परतताना थोरल्या वहिनींनी गाडी जांभुळपाड्याकडे घेण्यास सांगितले. त्यांचे माहेर तेथील. १९८९ च्या जुलैत अंबेला जो महापूर आला, त्याने एका रात्रीत जांभुळपाड्याची घरेच्या घरे धुऊन नेली. खाली नागोठण्यासही त्या पुराने वेढले. वहिनींच्या माहेरची तीन माणसे गेली. त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी त्या नदीकाठी पाऊल ठेवले नव्हते, आणि घरात त्या विषयावर एक अक्षर काढले नव्हते. आज नदी घोट्याएवढ्या पाण्याने, अगदी निरुपद्रवीपणे वाहत होती. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माहेरचे घर जेथे होते ती जागा मुलांना बोटाने दाखवून आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, डोंगर कसा झाला ते तुम्ही मुलांना सांगता, फार चांगले करता. पण पाणी कसे येते तेही सांगत जा. आम्हांला कोणी सांगितले नव्हते."

म्हणून सांगतो. आपला ज्वालामुखी विझला आहे, पण त्याने रचलेले डोंगर निर्धोक आहेत असे नाही. मघाशी ज्या पट्ट्या ध्यानात ठेवावयास सांगितल्या, त्या दोन थरांमधील झिजलेल्या, मातकट जागा होत. वरच्या भेगांतून पावसाचे पाणी तेथे मुरते, माती फुगून जड होते, आणि खालच्या घट्ट कातळावरून ती घसरू लागते. उतार उभा, पाऊस अखंड, आणि खाली वस्ती, असा योग जुळला की अनर्थ होतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीस वाड्याच्या वाड्या दरडीखाली गेल्या. हे दोन्ही तालुके आपल्याच जिल्ह्यातील आहेत. नद्यांचेही तसेच. कड्यावरचे पाणी थोड्या तासांत खाली येते. त्यात खालून भरती चढत असली की पुराला समुद्राकडे वाट मिळत नाही, आणि तो नागोठण्यासारख्या गावात शिरतो.

यावरून काही साध्या गोष्टी घरोघर ठाऊक असाव्यात. आषाढ-श्रावणात, मुसळधार पावसाच्या दिवसांत, धबधबे व ओढे पाहण्याची सहल काढू नये. वरच्या डोंगरात पाऊस पडत असेल तर खालच्या ओढ्याचे पाणी एकाएकी चढते. नदीचे पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाला-काटक्या वाहू लागल्या, तर तत्काळ काठ सोडावा. डोंगरपायथ्याच्या जमिनीस नवी चीर पडली, झाडे किंवा खांब कलले, नेहमीचा झरा एकदम आटला अथवा नव्या जागी फुटला, तर रात्र काढण्याची वाट न पाहता घर सोडावे आणि तलाठ्यास व पोलिसांस कळवावे. आणि सहलीस गेलेल्या गावी कोणी वृद्ध माणूस "आज जाऊ नका" म्हणाला, तर ते ऐकावे.

सहलीसाठी उत्तम काळ मार्गशीर्ष ते माघ. वाहनाची सोय एस्.टी.ने होते, दहाबारा माणसांचे कुटुंब असेल तर भाड्याची जीप सोयीची. दिवा-रोहा मार्गावरील नागोठणे स्थानकामुळे मुंबई-ठाण्याच्या मंडळींनाही आगगाडीने येता येते. महामार्गावर वाहनांची वर्दळ फार. मुलांना रस्त्याच्या कडेला मोकळे सोडू नये.

येत्या शनिवारी थोरल्या वहिनी पुन्हा उन्हेऱ्यास जाणार आहेत, आणि या खेपेस जांभुळपाड्याच्या आपल्या जुन्या शेजारणीलाही बरोबर घेणार आहेत. पुतण्याचे बिऱ्हाड उन्हाळ्यात इकडे येईल, तेव्हा त्याच्या मुलांस कोठे कोठे न्यावयाचे याची यादी नातवंडांनी आतापासूनच भिंतीवर लावली आहे. तीत पहिले नाव पुलाचे आहे.